मदरबोर्ड बदलल्यावर काय काय जातं? सर्व्हरच्या मॅनेजमेंट पोर्टचा रिमोट ॲक्सेस आणि सेटिंग्जचा बॅकअप

शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास भोसरीतल्या एका कारखान्याच्या सर्व्हर रूममधून फोन आला. "साहेब, बोर्ड बदलून झाला. इंजिनिअर गेला. पंखे फिरतायत, हिरवा दिवा आहे." मी कोथरूडला घरी. लॅपटॉप उघडून मॅनेजमेंट पोर्टचा (सर्व्हर दुरून हाताळायच्या नेटवर्क पोर्टचा) पत्ता टाकला, तर पान उघडेना. पिंगही नाही. ईआरपी (कारखान्याच्या कारभाराचं सॉफ्टवेअर) लागत नाही म्हणून अकाउंट्सवाल्यांचा फोन येईपर्यंत मी हेल्मेट घातलं होतं.

जाऊन मॉनिटर लावला तर बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा संदेश. डिस्क ठणठणीत होत्या, अनेक डिस्क एकत्र बांधणारा रेड कंट्रोलर वेगळ्या कार्डावर असल्यामुळे ॲरे, म्हणजे डिस्कचा तो गटही शाबूत. जुना बोर्ड लेगसी मोडमध्ये, म्हणजे बूट होण्याच्या जुन्या पद्धतीनं, बूट होत होता, नवा यूईएफआय या नव्या पद्धतीच्या मोडमध्ये आलेला. मॅनेजमेंट पोर्टसाठी डीएचसीपीत (नेटवर्कवर आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेत) राखून ठेवलेला पत्ता जुन्या बोर्डाच्या मॅक ॲड्रेसला, म्हणजे पोर्टाच्या कायमच्या ओळख क्रमांकाला, बांधलेला होता. नव्या बोर्डाचा मॅक वेगळा, म्हणून पत्ताही भलताच. रिमोट कन्सोलचं (सर्व्हरची स्क्रीन दुरून पाहायचं) लायसन्स जुन्या बोर्डाबरोबर गेलेलं. डेटाबेसचा बॅकअप रोजचा, व्हर्च्युअल मशिन्सचा आठवड्याचा. बोर्डावरच्या सेटिंग्जचा मात्र एका ओळीचाही नव्हता, आणि ती चूक माझी होती.

तेव्हापासून मी जे करतो ते इथे क्रमानं लिहितो. आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना अर्थात नेहमीचं स्पेलिंग.

आधी ओळख, थोडक्यात

सर्व्हरच्या मदरबोर्डवर एक छोटा स्वतंत्र संगणक असतो. त्याला बीएमसी म्हणतात (मुंबई महापालिका नव्हे). त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी आणि स्वतःचं नेटवर्क पोर्ट असतं. सर्व्हर बंद असला तरी पॉवर केबल लावलेली असली की तो जागा असतो. म्हणून तर घरी बसून बंद सर्व्हर चालू करता येतो. डेल त्याला आयड्रॅक म्हणते, एचपीई आयएलओ, लेनोवो एक्ससीसी. सुपरमायक्रोच्या बोर्डांवरच्या बीएमसीला बहुतेक जण सरळ आयपीएमआय म्हणतात, पण ते खरं तर बोलण्याच्या भाषेचं नाव. इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी यांनी १९९८ साली आयपीएमआयची पहिली आवृत्ती आणली, दुसरी २००४ ची. २०१५ पासून डीएमटीएफ या संस्थेचं रेडफिश हे नवं मानक त्याची जागा घेतंय. ते साध्या एचटीटीपीएसवर जेसन या वाचता येण्याजोग्या मजकुराच्या स्वरूपात बोलतं, त्यामुळे स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला सुखाचं.

पोर्ट आणि पत्ता

मॅनेजमेंटचं पोर्ट वेगळं असेल तर त्यात केबल लावा. हे सांगण्याचं कारण आहे. सुपरमायक्रोच्या बऱ्याच बोर्डांवर हे पोर्ट मुळात फेलओव्हर मोडमध्ये असतं: वीज आली त्या क्षणी वेगळ्या पोर्टात लिंक दिसली नाही, तर बीएमसी मुकाट्यानं पहिल्या साध्या लॅन पोर्टवर जाऊन बसतो. ते पोर्ट इंटरनेटकडे तोंड करून असेल तर तुमचा बीएमसीही इंटरनेटवर, आणि तुम्हाला पत्ता नाही. सेटिंगमध्ये जाऊन मोड कायमचा 'डेडिकेटेड' करा. वीज गेल्यावर स्विच उशिरा सुरू होणं आपल्याकडे काही दुर्मीळ नाही. पुण्याच्या औद्योगिक भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवतात; माझ्याकडचा एक बीएमसी असाच एका गुरुवारी जागा बदलून बसला होता.

पत्ता स्थिर द्या. डीएचसीपीत राखून ठेवायचा असेल तर बोर्ड बदलला की तो बदलावा लागेल, हे लक्षात ठेवा. पत्ता देण्यासाठी सर्व्हर रीबूट करायलाच हवा असं नाही. लिनक्स चालू असेल तर आयपीएमआयटूल (बीएमसीशी बोलणारं टूल) टाका आणि रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून 'आयपीएमआयटूल लॅन प्रिंट १' चालवा. सध्याचा पत्ता, सबनेट, गेटवे, मॅक सगळं दिसेल. काही बोर्डांवर चॅनल १ नसतो, तेव्हा २ किंवा ८ वर पाहा. मग 'लॅन सेट १ आयपीएसआरसी स्टॅटिक', पाठोपाठ पत्ता, नेटमास्क आणि गेटवे. लक्षात घ्या, या आज्ञांना बीएमसीचा पासवर्ड लागला नाही. सर्व्हरवर रूट असलेला माणूस आतून बीएमसीचा पासवर्डही बदलू शकतो. अडचणीत हाच रस्ता सोडवणूक करतो, आणि कुणी सर्व्हरवर घुसलं तर त्यालाही हाच रस्ता मोकळा.

मॅनेजमेंट पोर्टांसाठी वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) हवं. ऑफिसच्या पीसींना तिथे प्रवेश नको. आणि उलट दिशेनंही बीएमसीला बाहेर जायची मुभा फक्त वेळेच्या सर्व्हरपुरती आणि लॉग किंवा अलर्ट पाठवण्यापुरती ठेवा.

पासवर्ड, आणि बंद करायच्या गोष्टी

जुन्या डेलवर रूट आणि कॅल्व्हिन, जुन्या सुपरमायक्रोवर दोन्हीकडे ॲडमिन, लेनोवोवर यूजरआयडी आणि 'पासवर्ड' या शब्दात ओच्या जागी शून्य. हे सगळ्या जगाला पाठ आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या कायद्यानंतर सुपरमायक्रोनं प्रत्येक बोर्डाला वेगळा पासवर्ड द्यायला सुरुवात केली. एचपीईचा पासवर्ड सर्व्हरच्या पुढच्या बाजूला ओढून काढायच्या पट्टीवर छापलेला असतो. त्या पट्टीचा फोटो काढून ठेवा, पासवर्ड मात्र बदला.

त्यानंतर 'आयपीएमआय ओव्हर लॅन' बंद करा. ही माझी ठाम शिफारस आहे. आयपीएमआयच्या दुसऱ्या आवृत्तीत लॉगिनच्या हातमिळवणीतच एक खोट आहे: पासवर्ड बरोबर आहे की नाही हे ठरण्याआधीच बीएमसी त्या पासवर्डापासून बनवलेला हॅश (पासवर्डाचा गणिती ठसा) समोरच्याला देऊन टाकतो. तो घरी नेऊन निवांत फोडत बसता येतं. ही खोट मानकातच असल्यामुळे फर्मवेअर (बीएमसीच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून ती जात नाही. पासवर्डाची कमाल लांबीही २० अक्षरांचीच. काही जुन्या टूलसाठी ते चालू ठेवावंच लागलं, तर पूर्ण वीस अक्षरांचा यादृच्छिक पासवर्ड द्या आणि आयपीएमआयचं पोर्ट, यूडीपी ६२३, फक्त एका मशीनपुरतं उघडं ठेवा.

फर्मवेअर अद्ययावत ठेवण्याबद्दल दोनच उदाहरणं देतो. २०१७ मध्ये आयएलओ ४ मध्ये अशी त्रुटी निघाली की विनंतीच्या कनेक्शन हेडरमध्ये कॅपिटल ए हे अक्षर २९ वेळा लिहिलं की पासवर्डाशिवाय आत. आणि रेडफिश नवं म्हणून पवित्र समजू नका: अनेक कंपन्यांचे सर्व्हर वापरतात त्या एएमआयच्या मेगारॅक फर्मवेअरमध्ये लॉगिन चुकवता येण्याजोगं भोक २०२५ च्या मार्चमध्ये जाहीर झालं, आणि जूनमध्ये अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेनं ते प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत टाकलं.

तेव्हा राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून बीएमसी सरळ इंटरनेटवर ठेवायचा नाही. पोर्ट नंबर बदलून तर मुळीच नाही.

बाहेरून आत यायचा रस्ता

मी वायरगार्ड हे व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायचा कूटबद्ध रस्ता) वापरतो. ऑफिसच्या राउटरवर किंवा एखाद्या छोट्या स्वतंत्र मशीनवर ते चालवा. पुढची चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की ती ठळकच सांगतो: व्हीपीएन त्याच सर्व्हरवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवू नका. सर्व्हर पडला की व्हीपीएन पडलं, आणि बीएमसी तर नेमका तेव्हाच हवा असतो. किल्ली घरात आणि आपण बाहेर, अशी गत. राउटर, स्विच आणि ते छोटं मशीन यूपीएसवर हवं.

लहान इंटरनेट कंपन्यांकडून सार्वजनिक आयपी मिळत नाही, कॅरिअरच्या नॅटमागे, म्हणजे अनेक ग्राहकांच्या सामायिक पत्त्यामागे, बसावं लागतं. तिथे उलटं करायचं: एखादा स्वस्त व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) घ्यायचा, वायरगार्डचं कायम उत्तर देणारं टोक तिथे ठेवायचं, आणि ऑफिसच्या मशीननं आतून बाहेर जोडणी करायची. 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवलं की नॅटमधली वाट बुजत नाही.

व्हीपीएन नसेल पण एसएसएचनं (कूटबद्ध कमांड लाइन जोडणीनं) ऑफिसमधल्या मशीनवर आत येता येत असेल, तर बोगदा खणता येतो: लॅपटॉपचं ८४४३ पोर्ट बीएमसीच्या ४४३ ला जोडायचं. पण यात दोन खड्डे आहेत. जुने कन्सोल ४४३ वर भागत नाहीत. आयड्रॅकला ५९०० लागतं, जुन्या आयएलओच्या कन्सोलला १७९९० आणि व्हर्च्युअल मीडियाला (दुरून डिस्क जोडण्याच्या सोयीला) १७९८८. दुसरं, आयड्रॅक ९ चं नवं फर्मवेअर ब्राउझरमध्ये कोणता पत्ता टाकून आलाय तेही तपासतं, आणि लोकलहोस्ट (आपलाच लॅपटॉप) या नावानं गेलात तर ४०० ची एरर तोंडावर मारतं. एसएसएचला 'मायनस डी' देऊन सॉक्स प्रॉक्सी (ब्राउझरची वाहतूक बोगद्यातून नेणारा मध्यस्थ) बनवा, ब्राउझरला ती द्या आणि बीएमसी त्याच्या खऱ्या आयपीनंच उघडा. दोन्ही खड्डे चुकतात.

आत आल्यावर कन्सोल उघडतो का, हे आजच पाहून घ्या. आयएलओवर ऑपरेटिंग सिस्टम सुरू झाल्यावरही कन्सोल दिसायला बहुतेक मॉडेल्सना ॲडव्हान्स्ड लायसन्स लागतं, डेलकडे साधारणपणे एंटरप्राइज. सर्व्हर घेताना हे पैसे वाचवणारे नंतर पेट्रोलवर घालवतात.

व्हर्च्युअल मीडियाचा हिशोब एकदा मांडून बघा. घरच्या लॅपटॉपवरची ५ जीबीची आयएसओ (इन्स्टॉल डिस्कची फाइल), अपलोड १० एमबीपीएस: आदर्श स्थितीतही सदुसष्ट मिनिटं नुसती फाइल सरकायला. इन्स्टॉलर ती उलटसुलट वाचतो, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून जास्त. आयएसओ ऑफिसमधल्या मशीनवर ठेवा आणि बीएमसीला तिचा एनएफएस किंवा एचटीटीपी पत्ता द्या.

लाइन अगदीच हळू असेल तर सीरियल ओव्हर लॅन, म्हणजे नेटवर्कवरून नुसत्या अक्षरांचा कन्सोल. बायोसमध्ये सीरियल रिडायरेक्शन चालू, वेग ११५२००, आणि लिनक्सच्या कर्नलला त्याच सीरियल पोर्टचा कन्सोल सांगितलेला. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनही हे चालतं. बीएमसी स्वतःच गुंगून बसला, म्हणजे पान उघडतं पण लॉगिन होत नाही असं झालं, तर सर्व्हरच्या आतून 'एमसी रीसेट कोल्ड' द्या. दोन-तीन मिनिटांत बीएमसी नव्यानं उठतो, चालू ऑपरेटिंग सिस्टमला धक्का लागत नाही.

बॅकअप: प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी

डेलपासून सुरू करतो, कारण तिथे सोय सर्वांत चांगली. आयड्रॅकच्या कॉन्फिगरेशन मेनूत 'सर्व्हर कॉन्फिगरेशन प्रोफाइल' आहे. एक्सपोर्ट, ठिकाण लोकल, फाइल एक्सएमएल किंवा जेसन. आयड्रॅक, बायोस, नेटवर्क कार्ड आणि रेड या सगळ्यांची सेटिंग्ज एकाच फाइलमध्ये येतात. कमांड लाइनवर डेलच्या रॅकॲडम या टूलनं 'रॅकॲडम गेट मायनस एफ', फाइलचं नाव, 'मायनस टी एक्सएमएल'. फाइल वाचता येण्याजोगी असते, म्हणून दोन तारखांच्या फाइली शेजारी ठेवून काय बदललं ते दिसतं. कुणी परस्पर काय उद्योग केला ते मला दोनदा इथेच सापडलं आहे. एक्सपोर्टचा प्रकार साधा ठेवा. 'क्लोन' आणि 'रिप्लेस' हे प्रकार दुसरा सर्व्हर तसाच उभा करण्यासाठी आहेत, आणि त्या फाइलीतला रेडचा भाग परत भरताना असलेले ॲरे पुसू शकतो. आयात करताना रेडचा घटक निवडूच नका, निदान डिस्कवर जिवंत डेटा असताना.

डेलच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये 'ईझी रिस्टोअर' नावाची सोयही आहे. सर्व्हिस टॅग, लायसन्स आणि बरीचशी सेटिंग्ज मदरबोर्डाबाहेरच्या एका छोट्या फ्लॅशमध्ये ठेवलेली असतात, आणि नवा बोर्ड पहिल्यांदा सुरू झाला की परत भरायची का असं विचारतं. तो प्रश्न स्क्रीनवर येतो तेव्हा समोर कोण असतं? आलेला इंजिनिअर. त्याला 'यस' म्हणायला आधीच सांगून ठेवा.

एचपीईच्या आयएलओ ५ पासून बॅकअप आणि रिस्टोअरचं पान आहे. फाइलला पासवर्ड देता येतो, द्या. ही फाइल त्याच सर्व्हरसाठी असते, दुसऱ्या सर्व्हरवर सेटिंग्ज उतरवण्यासाठी नाही, असं एचपीई स्वतःच सांगते. बोर्ड बदलणं, बॅटरी काढली जाणं, चुकून फॅक्टरी रीसेट, अशा प्रसंगांसाठी ती आहे. जुन्या आयएलओसाठी सर्व्हरच्या आतून 'एचपीऑनसीएफजी मायनस डब्ल्यू' चालवलं की एक्सएमएल फाइल मिळते, पण तिच्यात पासवर्डांच्या जागी नुसत्या खुणा असतात. त्या हातानं भरल्याशिवाय फाइल परत चढवून उपयोग नाही.

सुपरमायक्रोवर मेंटेनन्स मेनूत कॉन्फिगरेशन सेव्ह आणि रिलोड आहे. मिळणारी फाइल बायनरी, आत काय आहे ते डोळ्यांनी दिसत नाही, आणि ती फक्त बीएमसीची. बायोससाठी एसयूएम हे त्यांचं टूल वेगळं वापरावं लागतं. लेनोवोच्या एक्ससीसीत बीएमसी कॉन्फिगरेशनखाली बॅकअप आहे, तो पासवर्डानं कूटबद्ध होतो. तो पासवर्ड हरवला की फाइल म्हणजे रद्दी.

वेगवेगळ्या कंपन्यांचे सर्व्हर असतील तर याच्या जोडीला रेडफिशची रात्रीची एक छोटी स्क्रिप्ट ठेवा. फक्त वाचण्याचा अधिकार असलेला वापरकर्ता बनवा, कर्लनं (वेब पत्त्यावरून मजकूर उतरवणाऱ्या टूलनं) मॅनेजर्स, नेटवर्क इंटरफेस आणि सिस्टमखालच्या बायोसचं जेसन उतरवा आणि गिटमध्ये (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या टूलमध्ये) टाका. ही फाइल परत चढवता येत नाही, पण बूट मोड काय होता हे पाच सेकंदांत कळतं. त्या शनिवारी मला एवढंच हवं होतं.

बॅकअप केव्हा घ्यायचा? कुठलाही बदल केला की, आणि फर्मवेअर चढवण्याच्या आधी न चुकता. फाइलच्या नावात सर्व्हरचं नाव, तारीख आणि फर्मवेअरची आवृत्ती घाला, कारण वेगळ्या आवृत्तीवर आयात अडखळते. फाइली कूटबद्ध करून ठेवा, आणि ज्या सर्व्हरच्या त्या आहेत त्याच सर्व्हरच्या डिस्कवर ठेवू नका. हसू नका, मी हे पाहिलंय.

फाइलीत जे येत नाही

याची एक पानभर नोंद मी प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळी ठेवतो. लायसन्सची मूळ की फाइल किंवा मेल. बीएमसीचा आणि बोर्डावरच्या लॅन पोर्टांचा मॅक ॲड्रेस, आणि तो कुठे कुठे वापरलाय: डीएचसीपीत, फायरवॉलमध्ये, एखाद्या सॉफ्टवेअरच्या लायसन्समध्ये. एसएसएल सर्टिफिकेट वेगळं साठवा. त्याची खासगी किल्ली बीएमसीच्या आतच जन्मली असेल तर ती बाहेर येत नाही, नवं सर्टिफिकेट घ्यावं लागतं. विंडोजवर बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारी सोय) असेल तर रिकव्हरी की: बोर्डाबरोबर टीपीएम ही किल्ल्या जपणारी चिपही बदलते आणि पहिल्याच बूटला अठ्ठेचाळीस आकडे मागितले जातात. वीज परत आल्यावर सर्व्हरनं आपणहून उठायचं की नाही, हे सेटिंगही लिहून ठेवा. बायोसच्या फाइलीत ते असतं, पण सर्व्हरच उठला नाही तर ते पाहायला कुणी फाइल उघडत बसत नाही. बायोसचे स्क्रीन फोटो मोबाइलमध्ये काढलेलेही चालतात. सुंदर नसतात, पण उपयोगी पडतात.

एकदा परत चढवून पाहा

कमी महत्त्वाचा एक सर्व्हर निवडा. आधी ताजा बॅकअप घ्या. मग वेळेच्या सर्व्हरचा पत्ता किंवा अलर्टचा ईमेल असं एखादं निरुपद्रवी सेटिंग मुद्दाम बदला आणि फाइल आयात करा. डेलवर आधी प्रिव्ह्यू चालवता येतो, तो काय बदलणार हे सांगतो. आयातीत फक्त आयड्रॅक हा घटक निवडा, आणि रीबूट न करण्याचा पर्याय. काम झालं की 'रॅकॲडम जॉबक्यू व्ह्यू' पाहा. नुसतं पान हिरवं दिसलं म्हणून समाधान मानू नका, बदललेलं सेटिंग जागेवर आलंय का ते डोळ्यांनी बघा. एचपीईवर रिस्टोअरनंतर आयएलओ रीसेट होतो, तेवढा वेळ जोडणी तुटते. घाबरून दुसऱ्यांदा बटण दाबू नका.

नेटवर्कची सेटिंग्ज दुरून परत चढवताना आपण बसलेलीच फांदी तोडत असतो. म्हणून त्याआधी दुसरी वाट उघडी ठेवा: सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टममध्ये एसएसएचचं एक सेशन, आणि तिथे आयपीएमआयटूल चालतंय हे तपासलेलं.

भोसरीच्या त्या सर्व्हर रूममध्ये आता रॅकच्या दाराला आतून प्लास्टिकच्या खिशात एक कागद आहे. पासवर्ड त्यावर नाहीत. बूट मोड, मॅनेजमेंटचा पत्ता, व्हीलॅन, कुठल्या केबलला कुठलं स्विच पोर्ट, आणि सर्वांत खाली तिथल्या सुपरवायझरसाठी एक ओळ: बोर्ड बदलला तर साहेबांनी घरून पान उघडून दाखवल्यावरच इंजिनिअरच्या कॉल रिपोर्टवर सही करायची.